खिडकीपुढचा भाऊ आणि गैरहजर बहीण

पत्र

सर, मी परिविक्षाधीन नायब तहसीलदार आहे. एम.ए.ला लोकप्रशासन घेतलं होतं. विल्सन, वेबर, गुलिक हे पारंपरिक विचारवंत वाचले, सायमनने त्यांना कसं खोडून काढलं तेही वाचलं. शेवटी आलेलं नवं लोकव्यवस्थापन मला सगळ्यात जास्त पटलं. रुजू झाल्यापासून मात्र दोन्हीकडून ओढाताण होते आहे. आमचे अव्वल कारकून निवृत्तीला आले आहेत. टिप्पणीशिवाय आणि नियमाच्या आधाराशिवाय ते एकही फाइल पुढे सरकू देत नाहीत. दुसरीकडे, आढावा बैठकीत प्रलंबित प्रकरणांमुळे पडद्यावर आमचा तालुका लाल रंगात दिसतो. परवा एका वारसनोंदीवरून मला सगळ्यांसमोर विचारणा झाली. मयत खातेदाराला दोन मुलगे आणि दोन विवाहित मुली. मुलांनी स्टॅम्प पेपरवर बहिणींचं हक्क सोडल्याचं संमतिपत्र जोडलंय, पण बहिणी कधीच समोर आलेल्या नाहीत, म्हणून मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद थांबवली आहे. मुलगे रोज कार्यालयात येऊन बसतात. माझ्या बॅचचे मित्र म्हणतात, जुन्या पठडीत अडकू नकोस, निकाल दे. पारंपरिक विचारसरणी आता कालबाह्य झाली ना? मी कोणत्या बाजूला उभं राहू?

— एक वाचक, मराठवाडा

उत्तर

प्रिय ताई,

आधी त्या वारसनोंदीचं बोलू. तिथे दोन बायकांच्या जमिनीचा प्रश्न आहे. विचारसरणींकडे नंतर येतो.

मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद थांबवली, हे योग्यच केलं. पण ती थांबवून ठेवणं हा तिथला एकमेव मार्ग नाही, आणि ते तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. स्थावर मिळकतीतला हक्क साध्या संमतिपत्राने सुटत नाही, त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. ते नाही, म्हणजे चारही वारसांचा हक्क आज शाबूत आहे. तेव्हा वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6कमध्ये, चौघांची नावं आहेत ना ते तपासा. मग चौघांच्या नावाने फेरफार, म्हणजे हक्कनोंदीतला बदल, धरायला लावा. जमीन महसूल संहितेच्या कलम 150प्रमाणे सर्वांना नोटीस जाऊ द्या आणि हरकतीची मुदत पूर्ण झाली की नोंद प्रमाणित होऊ द्या. बहिणींना खरोखरच हक्क सोडायचा असेल, तर त्या पुढे दुय्यम निबंधकाकडे जाऊन दस्त करतील आणि त्याचा वेगळा फेरफार होईल. भावांना हे तुम्ही स्वतः समोर बसवून सांगा. ते रोज येऊन बसतात, कारण नोंद ‘थांबली आहे’ एवढंच त्यांना सांगितलं जातं. काय केलं की ती सुटेल, हे कुणी सांगत नाही.

एक बारकावा. नोटिशीवरचे बहिणींचे पत्ते स्वतः पाहा. अशा प्रकरणांत माहेरचाच पत्ता घातलेला असतो, नोटीस भावाच्या हातात पडते आणि पोच म्हणून त्याचीच सही येते. कागदोपत्री बजावणी पूर्ण होते आणि बहिणीला पत्ताही लागत नाही. सासरच्या गावचा पत्ता मिळवा, तिथल्या तलाठ्यामार्फत नोटीस बजावा आणि वर तिला एक फोनही करायला सांगा. फोन नोटिशीची जागा घेत नाही, पण तिला वेळेत कळतं. महाराष्ट्राने 1994 साली कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने स्थान दिलं. केंद्राचा कायदा 2005 साली आला, म्हणजे आपण अकरा वर्षं पुढे होतो. तरी सातबाऱ्यावर बहिणींची नावं अजून किती कमी दिसतात, हे तुम्ही रोज बघता आहात. सेवेत असताना अशा बहिणी मी अपिलात उभ्या पाहिल्या आहेत. नोंद होऊन वर्षं उलटलेली, मधल्या काळात जमीन विकलेली, आणि सुनावणीला त्यांच्या हातात पहिल्यांदाच सातबारा आलेला.

आता तुमचा मोठा प्रश्न.

‘पारंपरिक’ म्हणून तुम्ही जी विचारसरणी वाचली, ती तिच्या काळात बंडखोर होती. परीक्षेच्या नोट्समधून हेच निसटतं. वुड्रो विल्सन यांनी 1887 साली प्रशासनाच्या अभ्यासावरचा तो निबंध लिहिला, तेव्हा अमेरिकेत निवडणूक जिंकणारा पक्ष सरकारी नोकऱ्या आपल्या माणसांना वाटत असे. नोकरी न मिळाल्याने चिडलेल्या एका माणसाने 1881 साली राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. गुणवत्तेवर नेमणुका करणारा पेंडलटन कायदा 1883मध्ये आला, तो या पार्श्वभूमीवर. राजकारण आणि प्रशासन वेगळं ठेवा, हे विल्सन यांचं म्हणणं त्या रक्तातून आलेलं आहे. माक्स वेबर यांनी लेखी नियम, श्रेणी, ठरलेलं अधिकारक्षेत्र आणि पगारी नोकर यांवर भर दिला. त्यामागेही एक साधी गोष्ट होती: पद ही पदावर बसलेल्या माणसाची मालमत्ता नाही.

हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागू नये. आपल्या गावगाड्यात पाटीलकी आणि कुलकर्णीपण वतनाने चालत असे. जमिनीचा हिशेब ज्याच्या घरात, त्याच्याच घरात पुढच्या पिढीतही. दप्तर त्याच्या माडीवर. रयतेने आपल्या नावावर काय आहे हे विचारायला त्याच्या ओट्यावर जायचं आणि तो सांगेल ते ऐकायचं. मुंबई राज्याने 1950च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द केली. महसुली पाटलाचं वंशपरंपरागत पद 1962च्या कायद्याने गेलं. डॉ. आंबेडकरांनी 1928 सालीच मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं होतं. ठरलेला पगार नाही, कामाला वेळकाळ नाही, आणि महार वतनाच्या नावाखाली अख्खी जात गावाच्या चाकरीला बांधलेली, हे त्यांना मोडायचं होतं. कुलकर्ण्याच्या जागी पगारी, बदली होणारा, ठरलेल्या नमुन्यांत लिहिणारा तलाठी आला. तुमचे अव्वल कारकून ज्या नमुन्यांना आणि नोंदवह्यांना चिकटून आहेत, त्या या लढाईतून मिळालेल्या आहेत. लेखी नियमावर चालणारं कार्यालय ही गरिबाची कमाई आहे, असं मी मनापासून मानतो.

मग ती विचारसरणी चुकली कुठे? ‘सायमनने खोडून काढलं’ हे तुमचं वाक्य थोडं तपासून घेऊ. हर्बर्ट सायमन यांनी 1946 साली हल्ला केला तो गुलिक आणि उर्विक या अभ्यासकांनी मांडलेल्या प्रशासनाच्या ‘तत्त्वां’वर. एका साहेबाखाली माणसं कमी असावीत, हे एक तत्त्व. कागदाला साहेबांचे टप्पे कमी असावेत, हे दुसरं. माणसं कमी ठेवायची तर टप्पे वाढतात. दोन्ही एकदम पाळता येत नाहीत, आणि कोणतं कधी पाळायचं हे तत्त्व सांगत नाही. सायमन म्हणाले, ही तत्त्वं म्हणींसारखी आहेत. आपल्याकडेही ‘शुभस्य शीघ्रम्’ आहे आणि ‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ही आहे, ज्याला जे हवं ते तो काढतो. पण कारभार नियमाने चालावा, निर्णयाची कारणं लेखी असावीत, हे सायमन यांनी कुठेही मोडीत काढलेलं नाही. खोडलं गेलं ते तत्त्वांचं शास्त्रीयपण. कायद्याचं राज्य तिथेच राहिलं.

पुढच्या काळाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो तुम्हाला चांगला ठाऊक आहे. 1968च्या मिनोब्रुक परिषदेत तरुण अभ्यासकांनी विचारलं की प्रशासन कार्यक्षम असेल, पण ते कुणासाठी कार्यक्षम आहे? सामाजिक न्यायाचा प्रश्न तिथे लोकप्रशासनाच्या मध्यभागी आला. मग ब्रिटन, न्यूझीलंडकडचे प्रयोग झाले आणि 1991 साली ख्रिस्तोफर हूड यांनी त्या साऱ्या प्रवाहाला नवं लोकव्यवस्थापन हे नाव रूढ केलं. निष्पत्ती मोजा, स्पर्धा आणा, नागरिकाला ग्राहकासारखं वागवा. 2000 साली रॉबर्ट आणि जॅनेट डेनहार्ट यांनी उलट बजावलं की नागरिक ग्राहक नव्हे, तो मालक आहे.

मला डेनहार्ट यांचं म्हणणं अधिक पटतं, आणि त्याचं कारण तुमच्याच फाइलमध्ये आहे. ग्राहक म्हणजे कोण? जो खिडकीपुढे उभा आहे तो. तुमच्या प्रकरणात ते दोघे भाऊ. त्यांना ‘जलद सेवा’ द्यायची तर बहिणींना वगळून नोंद करणं सर्वांत जलद. ग्राहक खूष, पडदा हिरवा. नोटीस, हरकतीची मुदत, कारणांसह आदेश, या जुन्या पठडीतल्या गोष्टी त्या माणसासाठी आहेत जो त्या दिवशी कार्यालयात नाही. सासरी नांदणारी मुलगी, ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे गेलेलं कुटुंब, पुण्यात वॉचमन म्हणून राहणारा धाकटा भाऊ. त्यांच्या वतीने कार्यालयात बोलायला फक्त कार्यपद्धती असते.

म्हणून माझा सल्ला असा. बाजू निवडू नका. समोरच्या कामाचा प्रकार ओळखा. ज्या कामात कुणाचा तरी हक्क ठरतो, कुणाला मिळतो आणि कुणाचा जातो, तिथे पारंपरिक राहा, अगदी हट्टाने. फेरफार, तक्रारी नोंदी, शेतरस्त्याची प्रकरणं, कुळाचे दावे, सगळं यात आलं. आणि ज्या कामात हक्क आधीच ठरलेला आहे, फक्त तो माणसाच्या हातात पोहोचवायचा आहे, तिथे शक्य तितकं आधुनिक व्हा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, नक्कल, अनुदानाचा हप्ता. इथे विलंबाने कुणाचंही संरक्षण होत नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 2018पासून घरबसल्या मिळू लागला, तेव्हा कुठल्याही गैरहजर माणसाचं काही बिघडलं नाही. एका सहीसाठी तलाठ्याची वाट बघण्यात जाणारे दिवस मात्र वाचले. 2015चा लोकसेवा हक्क अधिनियम याच जातीचा आहे. मुदत ठरलेली, पदनिर्देशित अधिकारी ठरलेला, दोन अपिलं कार्यालयीन साखळीत, त्यावर आयोग, आणि कसूर झाली तर पाचशे ते पाच हजार रुपयांची शास्ती. नव्या विचाराचा इतका चांगला उपयोग दुसरा मला आठवत नाही.

काही कामं दोन्हींच्या सीमेवर येतात. संजय गांधी निराधार योजनेचं टेबल तुमच्याकडे येईलच. तिथे पात्रता ठरवणं हे हक्काचं काम आहे, ते नियमानेच करा आणि समितीसमोर प्रकरण ठेवताना कुणाच्या शिफारशीने क्रम बदलू देऊ नका. पण मंजुरीनंतर त्या म्हातारीने दरवर्षी हयातीच्या दाखल्यासाठी रिक्षाला पैसे खर्चून तालुक्याला का यावं? तुमचा तलाठी गावात जातोच. अमेरिकन अभ्यासक मायकेल लिप्स्की यांनी 1980 साली दाखवून दिलं की धोरण प्रत्यक्षात घडतं ते जनतेच्या थेट समोर असलेल्या कर्मचाऱ्याच्या हातून. आपल्याकडे तो कर्मचारी म्हणजे तलाठी, कोतवाल, ग्रामसेवक, अंगणवाडीची ताई. मुंबईतून निघालेला शासन निर्णय त्यांच्या दारातून आत जातो की दारातच थांबतो, हे ते ठरवतात. त्यांच्याशी महिन्यातून एकदा तरी सावकाश बोला, आढावा न घेता.

आता त्या लाल पडद्याविषयी. मोजमाप वाईट नाही. आकडा नसता तर कितीतरी तालुक्यांत अर्ज वर्षानुवर्षं कपाटात राहिले असते. पण आकड्याचा धाक वाढला की काम पूर्ण करण्यापेक्षा अर्ज बंद करणं सोपं पडतं. किरकोळ त्रुटी काढायची, ‘अर्ज परत’ असा शेरा मारायचा, नोंद निकाली. अर्जदार पुन्हा नव्याने अर्ज करतो आणि तो नवा अर्ज म्हणून पहिल्या दिवसापासून मोजला जातो. म्हणून माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे की प्रलंबित यादीच्या जोडीला नामंजूर आणि परत केलेल्या अर्जांची यादी दर आठवड्याला काढून बघा. त्यातला एखादा अर्ज उचला आणि त्या माणसाला फोन लावा. तुमच्या तालुक्याचं खरं चित्र तिथे दिसेल.

बैठकीतल्या विचारणेला उत्तर देताना आवाज चढवायची किंवा माफी मागायची, दोन्हींची गरज नाही. प्रलंबित प्रकरणांचे तीन भाग करा: कायद्याने ठरलेली मुदत चालू असलेली, दुसऱ्याकडून कागद यायची वाट पाहणारी, आणि आपल्याकडूनच राहिलेली. तिसऱ्या भागाची जबाबदारी निःसंकोच घ्या आणि तारीख द्या. पहिल्या भागाबद्दल कलमाचा आधार सांगा. हे अर्ध्या पानात लिहून बैठकीच्या आदल्या दिवशी उपविभागीय अधिकाऱ्यांना द्या. बहुतेक वरिष्ठ स्वतः याच कामातून वर गेलेले असतात. त्यांना आधी माहिती मिळाली तर ते बैठकीत तुमच्या बाजूने बोलू शकतात. मंडळ अधिकाऱ्यांनाही ते पान दाखवा. नियम पाळला म्हणून आपल्याला एकटं पाडलं जाणार नाही, हे त्यांना कळायला हवं.

राहिले तुमचे अव्वल कारकून. मला वाटतं, तुम्हाला मिळालेली सर्वांत मोठी संधी ते आहेत, आणि ती हातातून निसटायला वेळ लागणार नाही. त्यांच्या टिप्पण्यांमध्ये दोन प्रकार असतील. काही टिप्पण्या निर्णयाचं कारण सांगतात. त्या अपिलात तुम्हाला वाचवतील, त्यांना हात लावू नका. काही फक्त कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेल्याची नोंद करतात. त्या बंद करता येतील, आणि त्या बंद करायला त्यांचाच नियम कामी येईल. बदल्यांच्या विनियमनाचा आणि विलंब प्रतिबंधाचा जो 2005चा अधिनियम आहे, त्यानुसार कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सामान्यतः कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. नियमांवर श्रद्धा असलेल्या माणसासमोर हा नियम ठेवा. ते तो मानतील.

आणि महसुलातल्या सर्वांत गाजलेल्या सुधारणा कुठून आल्या, तेही पाहा. अनिलकुमार लखिना अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते, 1980च्या दशकाच्या सुरुवातीला. संगणक कार्यालयात यायचे होते. त्यांनी जुनं दप्तर वर्गवार लावलं, बसण्याची रचना बदलली, कोणत्या टेबलावर कोणतं काम आणि त्याला कोणता नियम हे स्पष्ट केलं. लखिना पॅटर्न म्हणून महाराष्ट्रभर तो पोहोचला. चंद्रकांत दळवी पुण्याचे विभागीय आयुक्त असताना 2017च्या सुमारास ‘झिरो पेंडन्सी’चं काम उभं राहिलं, तेही अभिलेखांच्या वर्गीकरणावर आणि सहा गठ्ठ्यांवर. प्रलंबित प्रकरणं, प्रतीक्षाधीन प्रकरणं, नियतकालिकं (ठरावीक मुदतीने पाठवायचे अहवाल), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची कागदपत्रं आणि नष्ट करायची ‘ड’ वर्गाची कागदपत्रं. नव्या काळाचा वेग जुन्या दप्तराच्या शिस्तीतून काढता येतो, याचे हे दोन दाखले आपल्याच राज्यातले आहेत. तुमच्या मित्रांनी ते जरूर अभ्यासावेत.

सहा गठ्ठ्यांतला स्थायी आदेशांचा गठ्ठा बहुतेक कार्यालयांत सर्वांत दुर्लक्षित असतो. कोणत्या विषयाला कोणता शासन निर्णय लागू, कोणतं परिपत्रक कशाने रद्द झालं, हे एका जागी नसतं. ते एखाद्या जुन्या माणसाच्या डोक्यात असतं आणि त्याच्याबरोबर निवृत्त होतं. तुमच्या अव्वल कारकुनांना किती महिने उरले आहेत ते विचारा. रोज दुपारनंतर अर्धा तास त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसा, एक तरुण महसूल सहायक बरोबर घ्या आणि प्रत्येक टेबलाची स्थायी आदेश संचिका त्यांच्याकडून नव्याने लावून घ्या. एक प्रत कागदावर, एक संगणकात. फेरफाराच्या टेबलापासून सुरुवात करा.